रुग्णाचे समाधान आणि त्याचे मापन : ओमानच्या निमित्ताने

इ. स. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या १९१ सभासद-राष्ट्रांच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना करून जी क्रमवारी जाहीर केली, तीत फ्रान्स, इटली, सिंगापूर, स्पेन अशा मातब्बर नावांच्या पंक्तीत आठव्या स्थानी ओमानचे नाव आले, तेव्हा ज्यांना हा देश केवळ खजूर, लोबान आणि खनिज तेल यांच्यापुरताच ठाऊक होता त्यांना मोठे आश्चर्य वाटले असेल. हाती असलेल्या साधनांच्या मानाने जनतेचे आरोग्य सुधारण्याच्या कामगिरीत तर त्या देशाचा क्रमांक साऱ्या जगात पहिला होता. त्याच अहवालात आणखी एक कोष्टक होते. आरोग्यव्यवस्था रुग्णाशी माणूस म्हणून कशी वागते, त्याचा मान राखते की नाही, त्याला ताटकळत ठेवते की काय, याची मोजदाद करणारे ते कोष्टक. आणि त्यात ओमान ऐंशीच्याही खाली होता. अमेरिकेची गत याच्या उलट: वागणुकीच्या कोष्टकात ती पहिली आणि एकंदर क्रमवारीत सदतिसावी. रुग्ण बरा झाला काय आणि बरा होत असता त्याला कसे वागवले गेले, हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा शोधावा लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी, कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारून मिळवावे, याविषयी गेल्या अर्धशतकात जो विचार झाला त्याचा परामर्श घेताना ओमानसारखा देश समोर ठेवणे मला विशेष उपयुक्त वाटते. कारण या मापनातल्या जवळजवळ सर्व अडचणी तेथे एकाच ठिकाणी आणि ठळकपणे पाहायला मिळतात.

ओमानची आरोग्यव्यवस्था किती अल्पावधीत उभी राहिली हे ध्यानात घेतल्याशिवाय तेथील रुग्णाच्या समाधानाचा अर्थ लागत नाही. २३ जुलै १९७० रोजी सुलतान काबूस बिन सईद गादीवर आले, तेव्हा आधुनिक रुग्णालय म्हणून सांगण्यासारखे जे काही त्या देशात होते ते मुख्यतः अमेरिकन मिशनचे होते. या मिशनचे डॉक्टर शॅरन थॉम्स १९१३ मध्ये दूरध्वनीची तार ओढताना खांबावरून पडून मरण पावले, आणि त्यांचे चिरंजीव वेल्स थॉम्स यांनी १९३९ पासून पुढची तीन दशके मत्राह येथे तेच रुग्णसेवेचे काम चालविले. दूरच्या गावांतून गाढवावर, उंटावर किंवा होडीने दिवसचे दिवस प्रवास करून रोगी तेथे येत. १९७० नंतर मात्र सरकारी खजिन्यातला तेलाचा पैसा रुग्णालये आणि आरोग्य केंद्रे यांच्याकडे अशा वेगाने वळविण्यात आला की खौला, नहदा, १९८७ मधले रॉयल रुग्णालय आणि १९९० मधले सुलतान काबूस विद्यापीठाचे रुग्णालय ही मोठी नावे बाजूला ठेवली तरी निझवा, सोहार, रुस्ताक, सूर, सलाला, इतकेच काय पण होर्मुझच्या मुखाशी असलेल्या खसबपर्यंत सरकारी इस्पितळे जाऊन पोहोचली. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी दर हजार जन्मांमागे सुमारे ११८ अर्भके दगावत, ते प्रमाण पुढील तीन दशकांत दहाच्या आसपास आले. आणि संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या मानव विकास अहवालाने तुलना केलेल्या १३५ देशांमध्ये, चाळीस वर्षांतील प्रगतीच्या निकषावर, ओमानला अग्रस्थान दिले.

आता एकाच कुटुंबातील आजी आणि नातू यांचा विचार करा. जिच्या भावंडांपैकी निम्मी औषधाविना गेली, त्या आजीला एके काळी काहीच सोय नसलेल्या गावात आज केंद्र आहे, केंद्रात डॉक्टर आहे आणि औषध जवळजवळ फुकट मिळते, एवढ्यानेच कृतकृत्य वाटते. तर नातवाला त्याच केंद्रात तपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली म्हणजे तो संतापतो. एकच केंद्र, एकच डॉक्टर, एकच वागणूक, आणि समाधानाच्या पट्टीवर आजीचे गुण पाचापैकी पाच, नातवाचे दोन. या दोन गुणांची सरासरी साडेतीन काढून जो अधिकारी ती केंद्राच्या नावे लिहून ठेवतो, त्याने केंद्राविषयी जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. दोन पिढ्यांच्या अपेक्षांतील अंतर तेवढे त्याने नकळत नोंदविलेले असते.

अपेक्षा आणि अनुभव यांची ही सरमिसळ हाच या सर्व मापनाचा मूळ घोळ आहे, आणि तो सोडविण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले. त्यांपैकी सर्वांत आदराने ज्यांचे नाव घ्यावे ते आवेदिस दोनाबेदियन हे जन्माने बैरुतचे, वंशाने आर्मेनियन आणि लहानाचे मोठे झाले पॅलेस्टाईनमध्ये. वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे परीक्षण कसे करावे याविषयीचा त्यांचा १९६६ चा निबंध आजही या शास्त्राचा पाया मानला जातो. साधने व रचना, प्रत्यक्ष प्रक्रिया आणि अंतिम फलित अशी त्रयी त्यांनी मांडली, आणि रुग्णाच्या समाधानाला त्यांनी फलितांमध्ये स्थान दिले. औषधाने ताप उतरला हे जसे फळ, तसेच रुग्णाच्या मनाला विश्वास वाटला हेही फळच, अशी त्यांची भूमिका. आयुष्याच्या अखेरीस कर्करोगाने स्वतः रुग्ण झाल्यावर या गुणवत्ताशास्त्राच्या आद्य पुरुषाला एका विभागाचा दुसऱ्या विभागाशी मेळ नसण्याचा जो त्रास सोसावा लागला, त्याचे वर्णन त्यांनी एका मुलाखतीत केले आहे. ज्याने आयुष्यभर व्यवस्था मोजली त्यालाही रुग्णशय्येवरून दिसलेल्या काही गोष्टी आधीच्या मोजमापात सापडल्या नव्हत्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दोनाबेदियनांच्या नंतरच्या काळात अमेरिकेत ही विद्या दोन वाटांनी गेली. एक वाट बाजारपेठेची. पारसुरामन, झीतामल आणि बेरी या तिघा अभ्यासकांनी १९८० च्या दशकात सेवेची गुणवत्ता मोजण्यासाठी बावीस विधानांची एक प्रश्नावली तयार केली. बँकेच्या गिऱ्हाइकाची अपेक्षा काय होती आणि त्याला मिळाले काय, यांतील तफावत तीत मोजली जाई. ही पट्टी पुढे जशीच्या तशी रुग्णालयात आली आणि व्यवस्थापनशास्त्राच्या असंख्य प्रबंधांतून, आखाती देशांतल्या प्रबंधांतूनही, ती आजतागायत वापरली जाते. माझ्या मते ती रुग्णालयास अपुरी आहे. बँकेत गेलेल्या माणसाला आपल्याला काय हवे हे ठाऊक असते. छातीत कळ येऊन रात्री दोन वाजता तातडीच्या विभागात आणलेल्या माणसाला ते ठाऊक नसते, आणि जे हवे ते मिळाले की नाही हे ओळखण्याची शक्तीही त्या घटकेला त्याच्याजवळ नसते.

दुसरी वाट रुग्णाच्या बिछान्यापासून निघाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉस्टन येथे पिकर–कॉमनवेल्थ कार्यक्रमाने रुग्णांना व त्यांच्या आप्तांना दीर्घ मुलाखतींतून विचारले की, इस्पितळात नेमके काय घडले आणि त्यांतले तुम्हाला महत्त्वाचे काय वाटले. त्या मुलाखतींचे सार १९९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून समाधानाऐवजी अनुभव विचारण्याची पद्धती रूढ होऊ लागली. फरक वरवर पाहता किरकोळ वाटतो. ‘परिचारिकांच्या सेवेविषयी आपण कितपत समाधानी आहात?’ या प्रश्नाऐवजी, आपण घंटी वाजविल्यावर हवी तेव्हा मदत मिळाली काय, असे विचारावयाचे आणि उत्तरास ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’, ‘बहुतेक वेळा’, ‘नेहमी’ असे चार पर्याय द्यावयाचे. पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना रुग्ण आपल्या मनाची स्थिती सांगतो. दुसऱ्याला उत्तर देताना तो साक्ष देतो. अमेरिकेतील सरकारी विमा योजनेने याच तत्त्वावर आधारलेले सर्वेक्षण २००६ च्या ऑक्टोबरात देशभर लागू केले, २००८ च्या मार्चपासून प्रत्येक रुग्णालयाचे निकाल जनतेपुढे मांडले, आणि २०१२ पासून रुग्णालयाला मिळणाऱ्या पैशाचा काही भागही त्या निकालांना जोडून टाकला. त्यातल्या दोन अटी ओमानच्या दृष्टीने मननीय आहेत: रुग्णाला रुग्णालयात असताना विचारावयाचे नाही, घरी गेल्यावर अठ्ठेचाळीस तासांनंतर आणि, मूळ नियमानुसार, सहा आठवड्यांच्या आत विचारावयाचे, आणि केवळ ‘नेहमी’ हेच उत्तर पूर्ण गुणास पात्र धरावयाचे. इंग्लंडने २००२ पासून अशाच धर्तीवर आंतररुग्णांचे राष्ट्रीय सर्वेक्षण चालविले, आणि २०१३ मध्ये त्याच्या जोडीला ‘आपल्या आप्तेष्टांना या रुग्णालयाची शिफारस कराल काय?’ असा एकच सुटसुटीत प्रश्न सुरू केला. तो सोपा असल्यामुळे त्याची उत्तरे पुष्कळ येत, आणि तो एकच असल्यामुळे त्या उत्तरांवरून काय दुरुस्त करावे हे कळत नसे.

समाधानाचे आकडे जगभर सर्वत्र इतके उंच का येतात, याचा उलगडा ब्रायन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये रुग्णांच्या मुलाखतींतून केला, आणि या विषयावरील साहित्यात मला तो सर्वांत मर्मग्राही वाटतो. रुग्णाला वाईट अनुभव आला तरी तो लगेच असमाधान नोंदवीत नाही. तो आधी मनाशी दोन गोष्टींचा निवाडा करतो. हे करणे त्यांचे कर्तव्य होते काय? आणि असल्यास, ते न होण्याचा दोष त्यांच्याकडे जातो काय, की गर्दी, अपुरी माणसे, रात्रीची वेळ अशी काही सबळ कारणे होती? सिस्टर दोन तास फिरकली नाही, पण बिचारीच्या अंगावर तीस खाटा होत्या, असे म्हणून रुग्ण ‘समाधानी’ या चौकटीत खूण करतो. म्हणजे ज्या गोष्टी व्यवस्थेने सुधारायला हव्यात, त्याच रुग्णाच्या क्षमाशीलतेमुळे दप्तरातून गळून पडतात.

ओमानमध्ये या क्षमाशीलतेला धर्माची आणि शिष्टाचाराची जोड मिळते. प्रकृती कशी आहे म्हणून विचारले असता वेदनेतही आधी ईश्वराचे आभार मानून मग उत्तर देणे ही तेथील सर्वसामान्य रीत आहे, आणि समोर उभ्या असलेल्या, वयाने लहान अशा परिचारिकेच्या तोंडावर तिच्या विभागाविषयी तक्रार करणे हे वडीलधाऱ्या ओमानी माणसाला आपल्या मोठेपणास कमीपणा आणणारे वाटते. डिस्चार्जच्या कागदांबरोबरच फॉर्म हाती देऊन, पेन पुढे करून, कर्मचाऱ्याने तेथेच उभे राहावे, आणि मग नव्वद टक्के समाधानाचा अहवाल वरिष्ठांकडे रवाना व्हावा, ही पद्धत ज्या ज्या देशांत आहे तेथे ती बंद व्हावी. ओमानसारख्या अदबशीर समाजात तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

प्रश्न विचारण्याऐवजी जवळ बसून पाहिले तर काय दिसते, याचे एक चांगले उदाहरण मस्कतमध्येच घडले. अब्दुलहादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेहाच्या रुग्णांच्या तपासण्या प्रत्यक्ष हजर राहून निरखल्या आणि २००६ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढल्याच वर्षी त्यांनी रुग्णांच्या लहान गटांशी बसून केलेल्या चर्चांचा वृत्तान्त दिला. या दोन अभ्यासांतून जे चित्र उभे राहते त्यात उद्धटपणा किंवा अनास्था यांचे ठळक प्रसंग नाहीत. आहेत त्या अगदी बारीक, रोजच्या गोष्टी. रुग्ण आत आला तेव्हा त्याचे स्वागत जिव्हाळ्याने झाले नाही. डॉक्टरने त्याच्याकडे पाहून बोलण्याऐवजी नजर दुसरीकडेच ठेवली. तपासणी चालू असता मध्येच कोणीतरी आत आले आणि खासगीपणा मोडला. काही शंका आहे काय, असे रुग्णाला विचारले गेले नाही, म्हणून त्यानेही विचारले नाही. आणि पुढच्या वेळी बहुधा दुसराच डॉक्टर भेटल्यामुळे सारी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. मधुमेह हा जन्मभराचा सोबती. आहार, चालणे, गोळ्यांची वेळ यांविषयीचे निर्णय रुग्णाने घरी रोज घ्यावयाचे असतात. ज्याला तपासणीच्या खोलीत प्रश्न विचारण्याचा धीर झाला नाही, तो घरी गेल्यावर खजूर किती खावेत हे शेजाऱ्याला विचारतो. आखाती देशांत मधुमेहाचे प्रमाण किती मोठे आहे हे लक्षात घेतले म्हणजे, डॉक्टरच्या नजरेसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा आरोग्याच्या फलिताशी किती जवळचा संबंध आहे हे सहज ध्यानात येईल.

पाश्चात्त्य प्रश्नावल्या अरबीत उतरवून वापरण्याचे प्रयत्न अनेक झाले आहेत आणि शेजारच्या सौदी अरेबियाने तर अमेरिकेतील प्रेस–गेनी या कंपनीची पद्धत सरकारी रुग्णालयांत व्यापक प्रमाणावर आणली. या प्रश्नावल्या शास्त्रशुद्ध असतात यात शंका नाही. परंतु त्यांत गृहीत धरलेला रुग्ण एकटा असतो. ओमानातला रुग्ण क्वचितच एकटा असतो. त्याच्याजवळ मुलगा, भाऊ किंवा पत्नी सोबतीला राहते, आजाऱ्याला भेटून त्याची विचारपूस करणे हे धर्मकर्तव्य मानले जात असल्याने संध्याकाळच्या वेळी खोल्या आप्तांनी भरून जातात, आणि गंभीर आजाराची वार्ता अनेक कुटुंबांत आधी थोरल्या मुलाला सांगितली जाते, रुग्णाला मागाहून. अशा रुग्णाला ‘आपल्या उपचाराच्या निर्णयात आपणांस सहभागी करून घेतले काय?’ असे विचारले असता तो मुलाकडे पाहतो. निर्णय कुटुंबाने घेतला आणि तेच त्याला हवे होते, तर उत्तर ‘होय’ की ‘नाही’? स्त्री-रुग्णाच्या बाबतीत तपासणी स्त्री-डॉक्टरने केली काय, पडदा ओढला होता काय, पुरुष कर्मचारी आत येण्यापूर्वी सूचना दिली होती काय, हे प्रश्न तिच्या प्रतिष्ठेच्या अनुभवात सर्वांत वर येतील. आणि परदेशी प्रश्नावलीत ते बहुधा नसतात. नमाजाच्या वेळी बिछाना किब्ल्याच्या दिशेने वळविण्याची सोय झाली काय, रमजानात गोळ्यांच्या वेळा समजावून सांगितल्या काय, हेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००० च्या अहवालात जी सात अंगे धरली होती, म्हणजे प्रतिष्ठा, स्वायत्तता, गोपनीयता, तत्पर दखल, सुविधांचा दर्जा, आप्तांचा आधार आणि सेवकाची निवड, त्यांतील आप्तांचा आधार हे अंग तरी निदान या समाजाला जवळचे आहे. परंतु त्या अहवालातील वागणुकीचे मूळ आकडे केवळ ३५ देशांतील सुमारे १८०० जाणकार व्यक्तींना विचारून गोळा केले होते, बाकीच्या देशांचे आकडे गणिती अनुमानाने भरले होते. म्हणून त्या कोष्टकातील ओमानच्या क्रमांकावरून तेथील डॉक्टर-परिचारिकांना बोल लावणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेनेही अशी क्रमवारी पुन्हा प्रसिद्ध केली नाही.

अपेक्षांचे अंतर वजा करण्याची एक युक्ती पुढे निघाली, आणि ती या सर्व शास्त्रातली सर्वांत कल्पक युक्ती आहे असे मला वाटते. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवून दिले होते की, भारतात केरळचे आयुर्मान सर्वांत अधिक असूनही स्वतःच्या आजारपणाविषयी सर्वांत जास्त सांगणारे लोक केरळातलेच, आणि आयुर्मानात मागे असलेल्या बिहारमध्ये आजाराची नोंद सर्वांत कमी. कारण शिक्षण आणि दवाखाने वाढले म्हणजे आजार ओळखण्याची दृष्टीही वाढते. गॅरी किंग, ख्रिस्तोफर मरे आदी अभ्यासकांनी २००४ च्या आपल्या लेखात यावर तोड सुचविली ती अशी: उत्तर देणाऱ्याला एका काल्पनिक रुग्णाची छोटी हकिकत सांगावयाची, की अमुक एका बाईला दवाखान्यात तीन तास बसावे लागले आणि मग डॉक्टर तिच्याशी बोलताना दार उघडेच होते, हे वागणे कसे वाटते ते सांगा, आणि त्याच पट्टीवर स्वतःच्या अनुभवासही गुण द्यावयास सांगावयाचे. सर्वांना हकिकत एकच असल्यामुळे तिला दिलेल्या गुणांवरून प्रत्येकाची पट्टी किती लांब-आखूड आहे हे कळते, आणि त्या मानाने त्याचे उत्तर दुरुस्त करता येते. वर सांगितलेल्या आजी-नातवाचा तंटा या युक्तीने बराचसा मिटू शकतो. जागतिक आरोग्य सर्वेक्षणात या हकिकती वापरल्या गेल्या, आणि हे सर्वेक्षण ओमानातही २००८ मध्ये झाले. रुग्णालयांच्या नेहमीच्या कारभारात मात्र ही पद्धत फारशी रुजली नाही. प्रश्नावली लांबते, आणि व्यवस्थापकांना दरमहा एक आकडा हवा असतो.

इथवर विचार झाला तो ज्याला विचारले जाते त्याच्याविषयी. ज्याला विचारलेच जात नाही, त्याचे काय? २०२० च्या जनगणनेनुसार ओमानची लोकसंख्या सुमारे ४५ लाख, आणि तिच्यात दर पाच माणसांमागे जवळजवळ दोन परदेशी. त्यांत भारतीय, बांगलादेशी आणि पाकिस्तानी यांचा भरणा सर्वांत मोठा. स्वतः ओमानी नागरिकही सर्वच्या सर्व अरबी मातृभाषेचे नाहीत: बातिनाच्या किनाऱ्यावर बलुची, झांझिबारहून परतलेल्या घराण्यांत स्वाहिली, मत्राहच्या लवातींची स्वतःची बोली, धोफारच्या डोंगरात जिब्बाली, मुसंदमच्या टोकाला कुमझारी. अशा देशात प्रश्नावली केवळ अरबी आणि इंग्रजीत छापली की ती कोणाकडून भरून येणार हे ठरूनच जाते. रत्नागिरी-रायगडकडून गेलेला कारागीर, सिल्हटहून आलेला गवंडी किंवा केरळातली घरकाम करणारी बाई यांच्या अनुभवाला त्यात जागा नाही. मराठी अभियंता किंवा हिशेबनीस खासगी रुग्णालयात विम्याच्या कार्डावर जातो, इंग्रजीत फॉर्म भरतो आणि त्याचे मत मोजले जाते. गवंडी मालकाच्या परवानगीने, बहुधा मुकादमाला बरोबर घेऊन येतो. त्याच्या वतीने लक्षणे मुकादम सांगतो, डॉक्टरचे उत्तरही मुकादमच ऐकतो, आणि जखम कामावर झाली की खोलीवर, यासारख्या गोष्टींत मुकादमाचे हित रुग्णाच्या हिताशी जुळेलच असे नाही. या माणसाच्या बाबतीत गोपनीयतेचा प्रश्न पडद्याचा नसून दुभाष्याचा आहे. खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांसाठी आरोग्यविमा सक्तीचा करण्याची योजना ओमानने आखली आहे. विमा आला म्हणजे हा माणूस दप्तरात येईल, आणि दप्तरात आलेल्या माणसाला विचारता येते. विम्याच्या नियमांत दुभाष्याची आणि रुग्णाच्या भाषेतील विचारपुशीची तरतूद आरंभापासून असावी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. मागाहून ती घालणे फार अवघड जाते.

भारताने या दिशेने २०१६ मध्ये एक पाऊल टाकले. केंद्र सरकारच्या ‘मेरा अस्पताल’ योजनेत रुग्णालयातून परतलेल्या माणसाला लघुसंदेश किंवा दूरध्वनी येतो, आणि तो बटण दाबून आपले मत नोंदवू शकतो. निरनिराळ्या भाषांची सोय, आणि विचारणारा यंत्र असल्यामुळे भीड नाही. उणीव अशी की, मोबाईलचा क्रमांक बहुधा घरच्या पुरुषाचा नोंदविलेला असतो, आणि बाळंतिणीच्या अनुभवाचे उत्तर तिचा नवरा किंवा दीर देतो. ओमानातही हाच धोका आहे.

रुग्ण संतुष्ट म्हणजे उपचार उत्तम, असे समीकरण मांडणाऱ्यांना २०१२ मध्ये एक धक्का बसला. जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखविले की, सर्वाधिक संतुष्ट रुग्णांत रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण, खर्च आणि मृत्यूही अधिक होते. दुसऱ्या बाजूला बोल्डिंग प्रभृतींनी त्याच्या आदल्याच वर्षी हृदयविकार व न्यूमोनियाच्या रुग्णांबाबत असे दाखविले होते की, जेथे रुग्णांचे मत चांगले तेथे तीस दिवसांत पुन्हा भरती होण्याचे प्रमाण कमी. दोन्ही खरे असू शकतात: पहिल्यात रुग्णाची मागणी पुरविल्याचे समाधान मोजले गेले असेल, दुसऱ्यात समजावून सांगितल्याचे. अमेरिकेत वेदनाशमनाविषयीचा प्रश्न पैशाशी जोडला गेल्यावर डॉक्टर अफूजन्य औषधे सढळ हाताने देऊ लागतील अशी भीती व्यक्त झाली, आणि अखेर वेदनेविषयीचे ते प्रश्न सर्वेक्षणातून काढून टाकावे लागले. या अनुभवानंतर ओमानने गुणांना पैसा जोडण्याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. गुणांना बक्षीस लागले की गुण वाढतात. पडदा ओढला जाईलच असे नाही.

ओमानजवळ रुग्णाचा अनुभव विचारण्यासाठी लागणारी साधने पुष्कळ आहेत. आरोग्य मंत्रालयाची ‘अल-शिफा’ ही संगणकीय नोंद-व्यवस्था सरकारी केंद्रांत दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. रुग्ण केव्हा आला, केव्हा गेला, त्याचा दूरध्वनी कोणता, हे तीत असते. मंत्रालयाचा स्वतंत्र गुणवत्ता विभाग आहे, सरकारी कारभाराविषयी तक्रारी व सूचना एकाच ठिकाणी घेणारे ‘तजावुब’ हे राष्ट्रीय दालन आहे, आणि विद्यापीठ रुग्णालयाने कॅनडाच्या मान्यता-संस्थेची कसोटी पार केलेली आहे, जीत रुग्णाचा अनुभव नोंदविणे आवश्यकच असते. तक्रार करणारा माणूस मुळात धीट असतो, म्हणून केवळ तक्रारींच्या दालनावर विसंबून चालणार नाही. जो तक्रार करीत नाही त्याच्याकडे आपण होऊन गेले पाहिजे. घरी गेल्यानंतर दोन आठवड्यांनी, प्रत्येक वॉर्डातून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या रुग्णांना, त्यांच्याच भाषेत दूरध्वनी करून दहा-बारा प्रश्न विचारले, स्त्रियांना स्त्रियांनी विचारले, आणि प्रश्न मस्कतच्या त्या दोन अभ्यासांत दिसलेल्या गोष्टींविषयी ठेवले, तर जे हाती येईल ते शेकडो ‘समाधानी’ फॉर्मांहून मौल्यवान ठरेल. तपासणी चालू असता मध्येच कोणी आत आले काय. शंका आहे काय म्हणून डॉक्टरांनी विचारले काय. गोळ्या कशाच्या हे सांगितले काय, आणि कोणाला सांगितले, तुम्हाला की बरोबर आलेल्या माणसाला.

उत्तरे मंत्रालयात वर्षाने एकदा छापून ठेवण्यापेक्षा महिन्याच्या आत त्या त्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टरच्या हाती पडावीत, आकड्यांबरोबर रुग्णांचे स्वतःचे शब्दही, नावे गाळून. बंगाली, मल्याळी, उर्दू, स्वाहिली बोलणारी माणसे बाहेरून आणण्याची गरज बहुतेक ठिकाणी पडणार नाही. ती त्याच रुग्णालयांत परिचारिका, तंत्रज्ञ आणि कारकून म्हणून नोकरीला आहेत. एवढीच दक्षता घ्यावयाची की, ज्या वॉर्डात ज्याचे काम, त्या वॉर्डाच्या रुग्णाला त्याने दूरध्वनी करावयाचा नाही. खौलाच्या रुग्णाला रॉयलमधल्या माणसाने विचारावे, आणि निझवाच्या रुग्णाला रुस्ताकमधल्या.